पन्नास वर्षांचा व्हर्टिकल आणि हाताने ताणलेली तार : तुलनेचे सहा महिने

काकांनी आपला व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, दिला तेव्हा तो तीन तुकड्यांत होता. नायलॉनच्या दोरीने बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, पिशवीत गंजलेले नट-बोल्ट, काळी पडलेली केबल आणि कडा खाल्लेली छापील पुस्तिका. ३ डिसेंबर २०२३, रविवार. काका म्हणजे नात्याने माझे कोणी नाहीत. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओ-संपर्काच्या, परवान्याची परीक्षा मी दिली ती त्यांच्यामुळे, आणि मोर्स शिकले तीही त्यांच्यासमोर बसून. ते आता मुलीकडे राहायला निघाले होते, इथून सुमारे बाराशे किलोमीटरवर.

“तिथे मी एखादी तार टाकीन खिडकीतून, मला पुरे,” ते म्हणाले. “हा तू ठेव. १९७४ पासून वर होता. माझे पहिले शंभर देश यावरच बोलून झाले.”

मी तेव्हा घरीच २० मीटर बँडसाठी, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यासाठी, डायपोल (मध्यभागी केबल जोडलेला तारेचा अँटेना) बनवायच्या तयारीत होते. तार आणून ठेवली होती. आता प्रश्न पडला, गच्चीवर जागा मोजकी, त्यात लावू कुठला? ओळखीच्या हॅम मंडळींना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर ठाम होतं आणि दुसऱ्याच्या नेमकं उलट. कोणी म्हणे, त्या काळच्या बनावटीला तोड नाही. कोणी म्हणे, असा ट्रॅपचा अँटेना (ट्रॅप म्हणजे काय ते पुढे सांगते) म्हणजे दांड्यावर बसवलेला डमी लोड, शक्ती हवेत न सोडता नुसती जिरवणारा. यातल्या एकानेही दोन्ही एकाच गच्चीवर लावून मोजलं नव्हतं. म्हणून दोन्ही लावायचं ठरवलं. त्याला जून उजाडला. या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाचे दोन-तीन महिने तरी वाचावेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. इमारतीच्या समितीकडे पहिला अर्ज ६ जानेवारी २०२४ ला दिला, एक पानी. दहा दिवसांनी तो ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारून परत आला. मला राग आला, पण शेरा बरोबर होता. उंची, वजन, कुठे उभा करणार, कसा बांधणार, वारा आला तर कुठे पडेल, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या अर्जाला परवान्याची प्रत जोडली, गच्चीचा मापांसह आराखडा जोडला, आणि गच्चीच्या गिलाव्याला एकही भोक पाडणार नाही हे स्वतंत्र ओळीत लिहिलं. खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांत उभा राहील आणि ताणाच्या दोऱ्या आधीपासून असलेल्या लोखंडी कड्यांना बांधल्या जातील, हे चित्र काढून दाखवलं. कोणाच्या टीव्हीत किंवा फोनमध्ये व्यत्यय आला तर तक्रार मिळताच प्रक्षेपण थांबवीन, असं हमीपत्रही दिलं.

बैठकीत एका शेजाऱ्यांनी ‘रेडिएशन’चा मुद्दा काढला. हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर घरून तयार करून न्या. मी आयसीएनआयआरपी या अशा रेडिएशनच्या सुरक्षित मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शक मर्यादा, माझी शक्ती, प्रत्यक्ष बोलण्याचा वेळ आणि सर्वांत जवळच्या माणसाचं अंतर एका पानावर मांडलं होतं. ते पान फिरलं आणि विषय संपला. त्या शेजाऱ्यांना मी नंतर वर नेऊन सगळं दाखवलं. आता वादळ येणार असलं की अँटेना उतरवायची आठवण तेच करतात.

लेखी परवानगी १२ फेब्रुवारीला हातात पडली, म्हणजे एकूण सदतीस दिवस गेले. या काळात आणखी दोन गोष्टी उरकल्या. परवान्यावरचा स्टेशनचा पत्ता हाच आहे याची खात्री केली, आणि उंचीवर कुठली मर्यादा लागू होते का ते तपासलं. विमानतळ जवळ असेल तर ही दुसरी गोष्ट विसरू नका. विजेच्या तारांपासून अंतर मात्र नियमासाठी न मोजता जिवासाठी मोजा. अँटेना आडवा पडला तरी त्याचं टोक तारेला लागता कामा नये.

१८ फेब्रुवारीला काकांचा व्हर्टिकल पहिल्यांदा उभा केला. उंची साडेपाच मीटर, ४०, २०, १५ आणि १० मीटर असे चार बँड, आणि त्यासाठी नळीवर तीन ट्रॅप. ज्यांनी ट्रॅप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गुंडाळी आणि धारित्र समांतर जोडलं की एका ठरावीक वारंवारितेला ती जोडी प्रवाह अडवते. त्या बँडवर अँटेना जणू तिथेच संपतो. त्याखालच्या वारंवारितेला तीच जोडी प्रवाह पुढे जाऊ देते आणि वरची नळीही कामाला लागते. एका दांड्यात चार अँटेना बसतात ते असे.

केबल पिशवीतलीच जोडली, पातळ आरजी-५८ जातीची, पंचवीस मीटर. मीटर लावला. १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.६, सुई हलायलाच तयार नाही. मी खूश होऊन काकांना फोन केला. “पुसलासुद्धा नाही, आणि बघा कसा चालतोय!”

काका दोन क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “सगळ्या बँडभर सारखाच? वरून काढ आणि आधी केबल मोज.”

या एका वाक्याने पुढचे चार महिने वळण घेतलं, म्हणून ते मोजमाप नीट सांगते. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवायचं आणि मोकळं ठेवायचं. खालच्या टोकाला नॅनोव्हीएनए हे हातात मावणारं मोजयंत्र जोडून रिटर्न लॉस, म्हणजे पाठवलेल्यापेक्षा परत आलेली शक्ती किती कमी ते, वाचायचा. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरते, म्हणजे केबल निर्दोष असेल तर जेवढं पाठवलं जवळजवळ तेवढंच परत यायला हवं. जे कमी येतं ते जाता-येता केबलने खाल्लेलं असतं, आणि त्याचं निम्मं म्हणजे एका दिशेचा ऱ्हास. माझ्या केबलचा आकडा आला ७ डीबी (डेसिबल; दर ३ डीबीला शक्ती साधारण निम्मी होते). एका दिशेला साडेतीन. रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, शंभर वॅट सोडले तर अँटेनाच्या पायथ्याशी पंचेचाळीसच पोहोचत होते. अशी चांगली केबल या लांबीला १४ मेगाहर्ट्झवर साधारण दीड डीबी खाते.

त्याहून जास्त हादरवलं ते पुढच्या आकड्याने. दुसऱ्या टोकाला काहीही न जोडता ही केबल एसडब्ल्यूआर २.६ दाखवत होती. हवेत लोंबणारं टोक, आणि मीटर म्हणतो २.६! परत येणारी लाट वाटेतच जिरत असल्यामुळे मीटरला सगळं गोड दिसत होतं. टोक कापून पाहिलं तर आतली जाळी काळी पडलेली आणि ओलसर. पाणी कनेक्टरमधून शिरून जाळीच्या वातीने मीटर-दीड मीटर चढलं होतं.

नवी केबल मागवली, आरजी-२१३ जातीची जाड, आणि दोन्ही अँटेनांना पुरेल इतकी एकाच रिळातली. तुलना करायची असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. एकाला जुनी आणि एकाला नवी केबल असेल तर आपण केबलींची तुलना करत बसतो. रीळ यायला नऊ दिवस लागले. २ मार्चला ती जोडली आणि त्याच व्हर्टिकलचा एसडब्ल्यूआर झाला अडीच. केबल सुधारली आणि आकडा बिघडला. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं, तरी प्रत्यक्ष पाहताना पोटात गोळा आला. अँटेनाचं खरं रूप त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग तो उतरवला आणि पुढचे दोन आठवडे संध्याकाळी जमिनीवर पसरून बसले. एकूण एकतीस तास लागले, वहीत नोंद आहे. नळ्या एकमेकींत सरकतात तिथे पांढरी पूड जमली होती. ती ॲल्युमिनियमची ऑक्साइड, वीज न वाहणारी. बारीक पॉलिश पेपरने आतून-बाहेरून घासून, ऑक्साइडरोधक पेस्ट लावून सगळं पुन्हा जोडलं. गंजलेल्या पट्ट्या टाकून स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प घातले. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकवू नका. ओल लागली की ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये स्टीलचा वॉशर ठेवा.

ट्रॅप उघडायची भीती वाटत होती. आतली गुंडाळी विस्कटली तर तसा सुटा भाग आता मिळणार नव्हता. उघडण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढला आणि नळ्यांवर न पुसणाऱ्या शाईने खुणा केल्या. १० आणि १५ मीटरचे ट्रॅप स्वच्छ निघाले. २० मीटरचा उघडल्यावर मातीचा एक लहान गोळा बाहेर पडला. कुंभारमाशीचं घर. पाणी निचरायचं भोक तिने बुजवून टाकलं होतं, वरचं टोपण उन्हाने चिरलं होतं, आणि आत किती पावसाळ्यांचं पाणी साचून वाळलं होतं कोण जाणे. नॅनोव्हीएनएला तारेचा छोटा फास लावून ट्रॅपजवळ धरला की त्याची वारंवारिता खोलगट दरीसारखी दिसते. धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवल्यावर ती दरी सुमारे अर्धा मेगाहर्ट्झ वर सरकली, जिथे असायला हवी होती तिथे. जोडताना निचऱ्याची भोकं खाली आहेत ना, हे तीनदा बघा. उलटा बसवलेला ट्रॅप म्हणजे पाण्याचा पेला.

पुस्तिकेत नळ्यांची मापं फूट-इंचांत छापलेली आहेत आणि शेजारी काकांचे पेन्सिलीचे आकडे आहेत. मी छापील मापांपासून सुरुवात केली, १० मीटरपासून ४० कडे, याच क्रमाने. खालचा भाग सर्वांत वरच्या बँडचा आणि तो पुढच्या सगळ्यांत धरला जातो, म्हणून उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक वेळी आधीचं काम बिघडतं. २० मीटरला येऊन थांबले ती जागा काकांच्या पेन्सिलीपासून बोटभरही लांब नव्हती. १० मीटरला मात्र फरक पडला. माझे रेडियल, म्हणजे पायथ्यापासून पसरलेल्या तारा, वेगळ्या दिशांना गेले आहेत. रेडियलमध्ये कसर करू नका. पुस्तिका गच्चीवर प्रत्येक बँडला किमान दोन मागते. मी २० मीटरसाठी पाच-पाच मीटरच्या चार तारा टाकल्या, आणि तिसरी-चौथी टाकल्यावर झालेला बदल मीटरवरही दिसला. व्हर्टिकलची अर्धी बाजू रेडियलच असतात. लोक चमकणाऱ्या नळीकडे पाहतात आणि पायाशी पडलेल्या तारा विसरतात.

घरच्या डायपोलला इतकी कथा नाही, एका शनिवार-रविवारात तो झाला. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मेगाहर्ट्झने १४२.६ ला भागलं की अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४.१ साठी १०.११ मीटर. मी दोन्ही बाजूंना जादा ठेवून ५.२० मीटरच्या दोन तारा घेतल्या, मध्यभागी सहा मीटरच्या खांबावर टांगल्या आणि टोकं उतरती ताणली, म्हणजे उलट्या व्ही आकारात. त्यामुळे फीडचा, म्हणजे केबल जोडतो त्या जागेचा, अवरोध सरळ डायपोलच्या ७३ ओहमवरून पन्नासच्या जवळ येतो आणि एकाच खांबावर भागतं. भुजांमधला कोन नव्वदच्या वरच ठेवा.

१७ मार्चला पहिलं मोजमाप घेतलं तर अनुनाद, म्हणजे अँटेना ज्या वारंवारितेला जुळतो ती जागा, १३.३५ मेगाहर्ट्झवर. सूत्र उघड्या तारेचं आहे. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार विद्युतदृष्ट्या थोडी लांब भरते, आणि उलट्या व्हीमुळे वारंवारिता आणखी थोडी उतरते. एक गुणाकार-भागाकार केला, १०.४० गुणिले १३.३५ भागिले १४.१०, आणि उत्तर आलं ९.८५. टोकं त्या मापावर दुमडून घट्ट पिळली, कापली नाहीत, आणि पुढच्याच मोजमापात अनुनाद १४.०९ वर. काही जण पाच-पाच सेंटिमीटर कापत दुपार घालवतात, त्यांच्यासाठी हा हिशेब.

एक अडचण राहिली होती. शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, केबलला हात लावला की एसडब्ल्यूआर हलायचा. म्हणजे केबलचं बाहेरचं अंग स्वतःच अँटेना झालं होतं. एफटी-२४०-४३ या फेराइटच्या कड्यावर पातळ कोॲक्स केबलचे अकरा वेढे देऊन चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी, केला आणि तो फीडपाशी बांधला. हलणं थांबलं. व्हर्टिकललाही तसाच एक दिला. कनेक्टरवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी टेप. आणि केबल कनेक्टरपाशी थोडी खाली वाकवून मग वर नेली, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता वळणावरून गळतं.

खर्च आकड्यात सांगून उपयोग नाही, कारण तो जागेप्रमाणे बदलतो. प्रमाण सांगते. एकूण खर्चाचे दहा भाग केले तर साडेपाच केबल आणि कनेक्टरांवर, दोन खांब आणि दोऱ्यांवर, दीड फेराइट आणि रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर), अर्धा स्टीलच्या क्लॅम्पवर, आणि उरलेला अर्धा डायपोलच्या तारेवर. अँटेना या प्रकरणातला सर्वांत स्वस्त भाग होता.

२४ मार्चपासून दोन्ही शेजारी-शेजारी उभे होते, नऊ मीटर अंतरावर. एक शंका मी आधीच फेडून घेतली. जवळचा दुसरा अँटेना पहिल्याचं रूप बदलतो का? एक पूर्ण खाली उतरवून दुसरा मोजला, मग उलट केलं. अनुनाद दोन्ही वेळा जागेवरच राहिला.

एप्रिलमध्ये मी कानाने तुलना केली आणि ती चुकीची होती. एखादं स्टेशन लागलं की स्विच फिरवायचा, विचारायचं, “आता कसा? आणि आता?” सगळे आपुलकीने सांगत. “पहिला बरा.” “दुसरा एस-७, पहिला एस-५.” (एस म्हणजे संकेताच्या जोराची मीटरवरची पायरी.) वहीत बावन्न नोंदी झाल्या आणि व्हर्टिकल स्पष्ट पुढे दिसला. मी तसं काकांना कळवलंही. मग एका संध्याकाळी अँटेना न बदलताच “आणि आता?” असं विचारून बघितलं. उत्तर आलं, “आता दोन एस-युनिट खाली गेला.” आयनावरणातून येणारा संकेत काही सेकंदांत दहा-दहा डीबी वर-खाली होतो. वर, एस-युनिट म्हणजे ६ डीबी हे ठरलेलं माप सगळ्या रिगांचे मीटर पाळत नाहीत. त्या बावन्न नोंदी मी बाजूला ठेवल्या. वाईट वाटलं, कारण त्यात महिना गेला होता.

उत्तर मिळालं ते डब्ल्यूएसपीआरने. जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली ही पद्धत. हे तेच टेलर, ज्यांना जोड पल्सारच्या (जोडीने फिरणाऱ्या, ठोक्यांसारखे रेडिओ संकेत देणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तुमचा संगणक सम मिनिटाला सुमारे एकशे दहा सेकंदांचा अगदी अरुंद संकेत पाठवतो. त्यात कॉल साइन (परवान्यावरचं रेडिओवरचं नाव), ग्रिड लोकेटर (जागेचा सांकेतिक पत्ता) आणि शक्ती एवढंच असतं. जगभरातले ऐकणारे हॅम तो आपोआप टिपतात आणि किती डीबीने ऐकला ते सामायिक नोंदींत टाकतात. कानाला केवळ खरखर ऐकू येते त्या पातळीच्या कितीतरी खालून तो वाचता येतो, म्हणून एक वॅट मला भरपूर झाला. आणि ऐकणाऱ्याला माहीतच नसतं की मी कुठला अँटेना लावला आहे. माणसाच्या भिडेला इथे जागा नाही.

मांडणी अशी केली. घड्याळाच्या ००, १०, २० या मिनिटांना डायपोल. लगेच ०२, १२, २२ ला व्हर्टिकल. मग सहा मिनिटं शांत. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. सुरुवातीचे तीन दिवस स्विच हाताने फिरवला आणि दोनदा चुकले, म्हणून रिले आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. दोन-तीन सेकंदांची चूकसुद्धा नोंदी गायब करते. हिशेबात धरायचं ते फक्त ज्या स्टेशनाने लागोपाठच्या दोन्ही फेऱ्या ऐकल्या त्याचं, आणि तेही दोन आकड्यांतला फरक. असे हजारो फरक ओळीने लावून मधला घ्यायचा. सरासरी घेऊ नका. एखादी खोल गटांगळी तिला ओढून नेते.

४ मे ला सुरुवात केली. आठवड्याने, १० मे च्या शुक्रवारी संध्याकाळी, नोंदी अचानक विरळ झाल्या. मी वर जाऊन कनेक्टर तपासले, रिले उघडला, चोक बदलला. सगळं ठीक होतं. मग बातमी कळली. सूर्यावरून निघालेले भारित कणांचे लोट पृथ्वीवर आदळले होते आणि जी-५, म्हणजे सर्वोच्च पातळीचं भूचुंबकीय वादळ सुरू होतं. ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच. नेहमी दिसत नाही अशा अक्षांशांवरून त्या रात्री लोकांनी ध्रुवीय प्रकाश पाहिला. माझ्या पडद्यावर २० मीटर जवळजवळ रिकामा होता. ते दिवस हिशेबातून काढून टाकले, १८ मे ला पुन्हा शून्यापासून सुरुवात केली आणि १ जूनपर्यंत रोज सहा तास चालवलं. तेव्हापासून कनेक्टर उघडण्याआधी मी के-इंडेक्स, म्हणजे भूचुंबकीय खळबळीचा आकडा, बघते.

पंधरा दिवसांत चार हजारांवर जोड्या जमल्या. माझ्या गच्चीपुरतं उत्तर असं निघालं. दीड हजार किलोमीटरच्या आत डायपोल ७ डीबीने पुढे. एवढा फरक बोलताना लगेच जाणवतो. दीड ते पाच हजारांत डायपोलच्या रुंद बाजूच्या दिशांना तो ३ डीबीने पुढे, टोकांच्या दिशांना दोघे बरोबरीत. सहा हजारांपलीकडे, डायपोलच्या टोकांच्या दिशेला, काकांचा व्हर्टिकल २ डीबीने पुढे. रुंद बाजूला तिथेही डायपोलच, पण जेमतेम एकाने. याचं कारण दोघांच्या कोनांत आहे. व्हर्टिकल क्षितिजालगत, सगळ्या दिशांना सारखा फेकतो आणि दूरचा पल्ला कमी कोनातूनच गाठता येतो. जवळच्या स्टेशनांकडे उंच कोनातून जावं लागतं, तिथे त्याच्याकडे काहीच शिल्लक नसतं.

ऐकण्याचं गणित निराळं आहे. रिकाम्या वारंवारितेवर माझा मीटर डायपोलवर एस-३ दाखवतो, व्हर्टिकलवर एस-५. आसपासच्या चार्जर आणि दिव्यांची खरखर व्हर्टिकल जास्त गोळा करतो. त्यामुळे डायपोलच्या टोकांच्या दिशेला दूरच्या स्टेशनाला मी व्हर्टिकलवर बरी ऐकू येते आणि ते मला डायपोलवर बरं कळतं. आता पाठवायला एक आणि ऐकायला दुसरा, अशी जोडणी रिलेवरच केली आहे.

राहून राहून एक हिशेब मनात येतो. फेब्रुवारीतला तो देखणा १.६ चा एसडब्ल्यूआर तसाच ठेवून मी तुलना केली असती, तर नुसत्या केबलमुळे व्हर्टिकल जवळजवळ ३ डीबी मागे पडला असता आणि बुजलेल्या ट्रॅपचं नुकसान वेगळं. सहा हजार किलोमीटरपलीकडचा त्याचा २ डीबीचा पुढावा कधी दिसलाच नसता. ‘जुना अँटेना कुचकामी’ असं मी खात्रीने सांगत फिरले असते, हातात चार हजार नोंदींचा पुरावा घेऊन.

२३ जूनच्या रविवारी दुपारी काका १४ मेगाहर्ट्झवर भेटले. खिडकीतून सोडलेल्या तारेवर ते एस-५, पण स्वच्छ. मी डायपोलवर होते. सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते लिहून घेतले आणि १० मीटरच्या नळीचं माप पुन्हा विचारलं.

“आता माझ्या अँटेनावर जा,” ते म्हणाले.

“काका, बाराशे किलोमीटरला तो एका एस-युनिटने खाली जाईल.”

“जा तर खरं.”

स्विच फिरवला आणि कॉल साइन दिली. थोडा वेळ नुसती खरखर आली.

“गेलीस खाली, बरोबर एका एस-युनिटने,” काका म्हणाले. “पण कळतंय सगळं. यावरच बोल.”